फलक धरलेले रविवार

देवळाली स्टेशनच्या आरक्षण खिडकीत मी सव्वीस वर्षं बसले. छावणीचं गाव, त्यामुळे रांगेत निम्मेअधिक जवानच असायचे. तिकिटासाठी ते वॉरंटचा कागद पुढे करायचे. त्यावर नाव, हुद्दा, कुठून कुठे जायचं आणि कधीपर्यंत हजर व्हायचं हे लिहिलेलं असे. सुट्टीवर घरी निघालेला कोणता आणि सुट्टी संपवून परत निघालेला कोणता, हे मला पुढे पुढे कागद न वाचताही ओळखू यायला लागलं होतं. घरी जाणारा दोन-दोनदा विचारायचा, गाडी वेळेवर आहे ना. परतणारा तिकीट घेऊन गुपचूप बाजूला व्हायचा.

मी नोकरीत असताना एकदा सीमेवर परिस्थिती बिघडली आणि आठ-दहा दिवस रांगेत फक्त परतणारेच दिसले. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या होत्या. त्यातला एक जण, असेल तेवीस-चोवीस वर्षांचा, वॉरंट पुढे सरकवत हळूच म्हणाला, "ताई, आजच्या गाडीला जागा नाही असं सांगाल का? मला परवाचं तिकीट द्या." मी पाहिलं तर आजच्या गाडीत चार जागा होत्या. त्याच्यामागे लांब रांग होती आणि माझ्यामागे साहेब उभे होते. मी म्हटलं, "जागा आहे की. आजचंच देते." त्याने तिकीट घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि "बरं, ताई" म्हणून गेला. तो पुढे सुखरूप घरी आला की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. नियमाने माझी काही चूक झाली नव्हती. तरी निवृत्त झाल्यावरही तो मला अधूनमधून आठवायचा.

मी काही चळवळीतली बाई नव्हे. नोकरी, घर आणि शेवटची काही वर्षं यजमानांचं आजारपण, यात माझे दिवस गेले. आमच्या युनियनच्या मोर्च्यालाही मी कधी गेले नव्हते. साठी ओलांडल्यावर मी भर चौकात फलक धरून उभी राहीन, असं मला कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

माझा दादा फौजेत सतरा वर्षं होता. हवालदार म्हणून परत आला आणि सायखेड्याला आमच्या शेतात भाजीपाला आणि झेंडू करायला लागला. मी खिडकीत बसून परतणाऱ्यांना तिकिटं देत होते त्याच दिवसांत तो वर बर्फात होता. तिथून आला तो डाव्या पायाची दोन बोटं गमावून. त्याबद्दल तो घरात कधी बोलला नाही. वहिनी चार वर्षांपूर्वी गेली. दादाचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, तोही फौजेतच भरती झाला. दादाने त्याला जा म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही.

भाच्याला मुलगी झाली तेव्हा तो सीमेवर होता आणि भाचेसून बाळंतपणाला देवळ्याला, तिच्या माहेरी. बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा त्याला सुट्टी मिळाली. दोघींना घेऊन तो सायखेड्याला आला आणि बारशाचा दिवस ठरला. त्याला बहीण नाही, त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान माझ्याकडे आला. मी चार दिवस आधीच जाऊन राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि भाचेसून ओसरीवर पाळण्याला कापड शिवत बसलो होतो. भाचा अंगणात फोनवर बोलत होता. बोलत कसला, नुसतं "जी साब, जी साब" म्हणत होता. फोन ठेवून तो दादाकडे गेला. दादा टेम्पोतून रोपांचे ट्रे उतरवून घेत होता.

"आबा, सुट्टी रद्द झाली. उद्याच निघायला सांगितलंय."

दादाने हातातला ट्रे खाली ठेवला. "कोणती गाडी?" एवढंच त्याने विचारलं.

भाचेसुनेने सुई तशीच कापडात टोचून ठेवली. ती रडेल असं मला वाटलं होतं. पण ती मला म्हणाली, "आत्या, मग बारसं आजच करू. आमच्या घरचे नाय पोचले तरी चालंल. तिचा बाप असताना झालं पाहिजे."

संध्याकाळी दिवेलागणीला बारसं झालं. शेजारच्या पाच-सहा बायका आल्या. घुगऱ्यांना हरभरे भिजत घालायला वेळ नव्हता, म्हणून फुटाणे वाटले. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं तेव्हा भाचा पाळण्याच्या दोरीला धरून उभा होता. त्याने मला नाव पुन्हा एकदा मोठ्याने सांगायला लावलं. एका बाईने पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि दुसरं कडवं विसरली. आम्ही सगळ्या हसलो. दादाही हसला. त्या दिवसातलं ते एकच हसणं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला सोडायला नाशिकरोडला गेलो. फलाटावर त्याच्यासारखे पुष्कळ होते. काळ्या ट्रंका, गुंडाळलेले बिस्तरे आणि प्रत्येकाभोवती घरातली दोन-तीन माणसं. मी इतकी वर्षं हे खिडकीच्या आतून पाहिलं होतं. फलाटावर उभं राहून पाहणं वेगळं होतं.

"एकदम सगळ्यांनाच का बोलावलं रे?" मी विचारलं.

"वर माणसं वाढवतायत, आत्या. चकमक झाली ना, म्हणून. नवीन पलटणी जाणारेत आणि जुन्यांना पण खाली सोडत नाहीत."

"किती दिवस?"

"ते तिथं कुणालाच माहीत नसतं."

गाडी गेल्यावर दादा नळावर गेला, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, "चल, तुला घरी सोडतो." नाशकात गंगापूर रोडला माझ्या इमारतीपाशी त्याने मला उतरवलं.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस वर्तमानपत्रात पहिल्या पानावर तेच होतं. सीमेवर जादा फौज पाठवण्याचा निर्णय झाला होता. पलीकडच्यांनीही वाढवली होती. टीव्हीवर लोक तावातावाने बोलायचे, आणखी पाठवा, धडा शिकवा. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी झेंडे आणि तोफांची चित्रं यायची. मी ते बघायची आणि मला फलाटावरच्या ट्रंका आठवायच्या.

मग वाचनालयाच्या जिन्यात मला एक हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला दिसला. 'सीमेवर जादा फौज नको, बोलणी सुरू करा. दर रविवारी सकाळी नऊ ते दहा मूकपणे उभे राहणार. ज्यांना वाटेल त्यांनी यावे.' खाली चौकाचं नाव होतं, सीबीएस बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवरचं. मी तो कागद दोनदा वाचला. शनिवारी ठरवलं की जायचं नाही. रविवारी सकाळी आवरून रिक्षात बसले.

तिथे दहा माणसं होती. माझ्यासकट अकरा. त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर एक सर होते, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. पंचाहत्तरी गाठलेले, हातात काठी. तो कागद त्यांनीच लिहिला होता. ते मला म्हणाले, "या. तुम्ही कशा काय आलात, विचारलं तर चालेल का?" मी त्यांना भाच्याबद्दल सांगणार होते, पण तोंडून खिडकीतल्या त्या मुलाची हकिकत बाहेर पडली. ती मी त्याआधी कुणालाही सांगितली नव्हती. सरांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि एक फलक माझ्या हातात दिला. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या रंगात 'जादा फौज नको'.

एक तास उभं राहणं म्हणजे किती, हे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पहिली दहा मिनिटं मी फलक छातीशी असा धरला होता की निम्मी अक्षरं हातांखाली झाकली जात होती. शहर बसमधल्या बायका काचेतून वाचायच्या आणि मान वळवायच्या. एक मोटरसायकलवाला सिग्नलला थांबला, त्याने आमच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "इतकं प्रेम असेल तर तिकडंच जा ना राहायला." हिरवा दिवा लागला आणि तो गेला. कुणाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही, नियमच तसा होता. कोपऱ्यावर मखमलाबादकडची एक बाई टोपलीत झेंडू आणि शेवंती घेऊन बसायची. ती बराच वेळ आमच्याकडे बघत होती. शेवटी मला म्हणाली, "मावशी, उन्हात कशाला उभ्या हायेत? इकडं झाडाखाली या. तिथून बी दिसंल ते लिहिलेलं." मी झाडाखाली गेले. पुढच्या रविवारपासून आम्ही सगळेच तिथे उभे राहू लागलो.

तिसऱ्या रविवारी एका स्थानिक वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला. सोमवारी आतल्या पानावर आमचा फोटो छापून आला आणि त्यात नेमकी मीच मधोमध, फलकासकट.

माझ्या शेजारच्या दारात एक मैत्रीण राहते. आम्ही दोघी बारा वर्षं रोज सकाळी बरोबर फिरायला जायचो. यजमान गेले तेव्हा तिने मला महिनाभर डबा दिला होता. मंगळवारी ती खाली आली नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी मी दार वाजवलं. ती दारातच उभी राहून म्हणाली, "तू भाच्याचं तोंड तरी आठवायचं होतंस. तो तिथे आपल्यासाठी उभा आहे आणि तू इथे हे धरून उभी राहतेस." मी म्हटलं, "त्याच्यासाठीच उभी राहते गं." ती म्हणाली, "मला नाही पटत." तिने दार आपटलं नाही, हळू लावलं. मी जिन्यात तशीच उभी राहिले. त्याच दिवशी मला इमारतीच्या ग्रुपमधून कमी केलं होतं.

दादाचा फोन शुक्रवारी आला. "फोटो बघितला. गावात लोक इचारायला लागलेत. तू रविवारी तिथं जायच्या आधी इकडं ये."

मी शनिवारी सकाळच्या बसने सायखेड्याला गेले. दादा नदीकडच्या वावरात होता. मला पाहून तो पंपाच्या खोलीबाहेरच्या दगडावर बसला. मला बस म्हणाला नाही, पण मी बसले.

"तुझं म्हणणं काय हाय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. की माणसं वाढवली की मरणारीही वाढतात. की दोन्हीकडच्यांनी वाढवत न्यायचं म्हटलं तर त्याला अंत नाही. की बोलून सुटलं तर बघावं.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आता माझं ऐक. आम्ही वर होतो तेव्हा एका ठाण्यावर नऊ जण होतो. पहारा चोवीस तास. नऊ जणांत दोन आजारी. राहिले सात. म्हंजे दोन तास उभं राहायचं, दोन तास आडवं व्हायचं, परत उभं. असं दीड महिना. माझी बोटं गेली ती गोळीनं नाय गेली. झोप नव्हती म्हणून गेली. एकदा उभ्या उभ्याच डोळा लागला, पाय बर्फात रुतलेला तसाच राहिला. उशिरा कळलं." त्याने डावा पाय थोडा पुढे केला. "आणखी दहा माणसं आली असती तर मला झोप मिळाली असती. तू फलक धरतेस, जादा माणसं नको. म्हंजे माझ्या पोराला कमी झोप. एवढाच त्याचा अर्थ होतो तिथं."

एवढं सलग बोलताना मी त्याला वहिनीच्या आजारपणातसुद्धा ऐकलं नव्हतं. मी टीव्हीवरच्या माणसांना उत्तर देऊ शकले असते, मोटरसायकलवाल्याला देऊ शकले असते. दादाच्या पायापुढे मला काही सुचेना.

"मग मी जाऊ नको?" मी विचारलं.

"ते मी नाय सांगणार. माझं काय ते सांगितलं." तो उठला. "जेवून जा. सुनेनं पिठलं केलंय."

जेवताना भाचेसून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिचं नवऱ्याशी बारा दिवसांत बोलणं झालं नव्हतं. वर रेंज नसते, हे तिला माहीत होतं. तरी फोन ताटाशेजारी ठेवला होता. मला निरोप द्यायला ती रस्त्यापर्यंत आली आणि म्हणाली, "आत्या, तुमचं बी खरं वाटतं आणि आबांचं बी. मला नुसतं ते घरी यायला पायजेत."

त्या रविवारी मी गेले, पण फलक हातात घेतला नाही. दहा वाजल्यावर सगळ्यांना दादाचं म्हणणं सांगितलं. एक तरुण वकील बाई आमच्यात यायची. ती म्हणाली की हा सोयींचा प्रश्न झाला, आपला मुद्दा धोरणाचा आहे. मला राग आला. मी म्हटलं, "ज्याची बोटं गेली त्याला तो सोयींचा वाटत नाही." सर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ते म्हणाले, "तुमच्या भावाचं बरोबर आहे. आणि पलीकडच्या ठाण्यावरच्या जवानाचा बापही नेमकं हेच म्हणत असेल. दोघांचंही ऐकलं तर तो डोंगर माणसांनी भरेल." पुठ्ठ्यावर काय लिहायचं ते मात्र त्या दिवशी ठरलं नाही.

नंतर पोलिस ठाण्यातून बोलावणं आलं. आम्ही परवानगी घेतली नव्हती. सर, वकील बाई आणि मी गेलो. तिथल्या साहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, नाव-पत्ते लिहून घेतले आणि म्हणाले, "मावशी, वातावरण तापलेलं आहे. कुणी दगड मारला तर मी काय उत्तर देऊ? थोडे दिवस थांबा." त्यांच्या बोलण्यात दरडावणी नव्हती. पुढचे तीन रविवार आम्हाला उभं राहता आलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. घरी बसून राहण्याला कुणीतरी बाहेरून कारण दिलं होतं.

त्याच तीन आठवड्यांत वर आणखी एक चकमक झाली आणि आपल्या जिल्ह्यातला एक जवान गेला. सटाण्याच्या बाजूच्या एका खेड्यातला. दादाचा सकाळी सातला फोन. "मी अंत्यविधीला चाललोय. येतेस?"

त्याच्या ओळखीच्या एकाच्या जीपमधून आम्ही गेलो. दादाने कोटावर पदकं लावली होती. गावाच्या दोन किलोमीटर आधीपासून गाड्या लागल्या होत्या, तिथून आम्ही चालत गेलो. दादा लंगडत होता, पण हात धरू देत नव्हता. फुलांनी सजवलेला लष्करी ट्रक, घोषणा, छपरांवर आणि झाडांवर चढलेली माणसं. गर्दीत मला त्या जवानाची आई दिसली. तिला दोघींनी धरलं होतं. घोषणा जोरात व्हायला लागल्या की ती मान वर करून लोकांकडे बघायची, कुणी तिला काही विचारतंय असं वाटल्यासारखी. एकदा ती शेजारच्या बाईला अहिराणीत काहीतरी म्हणाली. त्यातलं मला एवढंच कळलं, "मना पोऱ्या कोठे शे?" माझा पोरगा कुठे आहे. पेटी तिच्यापासून दहा पावलांवर होती.

बंदुकांची सलामी झाली तेव्हा दादाने ताठ उभं राहून सॅल्यूट केला.

परतताना जीप देवळ्याच्या बाहेर चहाला थांबली. कांद्याचे ट्रॅक्टर ओळीने बाजाराकडे चालले होते. दादाने बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही.

"त्या पोराला तिथं पोचून एकवीस दिवस झालते," तो म्हणाला. "जादा म्हणून गेलेला." मग बशी बाजूला सारून म्हणाला, "तुमचं उभं राहणं बंद केलं का?"

"पोलिसांनी थांबायला सांगितलंय. परत परवानगी मागणार आहोत."

"उभं राहा. पण जादा नको असं लिहू नका. वर आहेत त्या पोरांना ते आपल्या इरुद्ध वाटतं. दोन्हीकडची फौज खाली आणा, असं लिहा. त्यांनी एक पाऊल मागं, आपण एक पाऊल मागं. मग कुणाला जादा लागत नाय."

"तू येशील?" मी विचारलं.

"नाय," दादा म्हणाला. "मला जमणार नाय ते."

परवानगी मिळाली, एका तासाची, घोषणा न देण्याच्या अटीवर. घोषणा आम्ही देतच नव्हतो. नवीन फलक मी माझ्या हाताने रंगवला, 'दोन्हीकडची फौज खाली आणा. बोलणी करा.' अक्षरं शेवटाकडे लहान होत गेली, जागा पुरली नाही म्हणून. सरांनी तो वाचला आणि विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हटलं, "एका हवालदाराचं." त्या पाटीने लोकांच्या तोंडचे शब्द फार बदलले असं नाही. पण एक दोन जण थांबून विचारायला लागले. एक निवृत्त सुभेदार महिनाभर दर रविवारी यायचे, समोरच्या बाजूला उभे राहायचे आणि तास संपला की आमच्याशी वाद घालायचे. मग त्यांनी यायचं बंद केलं. का, ते कळलं नाही.

पावसाळा गेला, थंडी आली. अकराचे आम्ही सात झालो. एका रविवारी आम्ही फक्त तिघं होतो आणि सोसाट्याचा वारा सुटला होता, पुठ्ठे हातात टिकत नव्हते. अशा वेळी मला फार एकटं वाटायचं. आपल्यामुळे काही होत नाही हे मला रोज दिसत होतं. दिल्लीत कुणाला नाशिकच्या या चौकाचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

अखेर दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांच्या बैठका सुरू झाल्या. पहिल्या काही फसल्या. पुढे एका भागातून दोन्हीकडचे थोडे मागे सरले, अशी बातमी आली. ते आमच्यामुळे झालं असा भ्रम आमच्यातल्या कुणालाच नव्हता. पण ती बातमी वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नंतर पाच आठवड्यांनी भाचा सुट्टीवर आला.

तो फार वाळला होता. गालांची कातडी काळी पडून सोलली होती. मुलगी आता रांगत होती आणि त्याच्याकडे जायला तयार नव्हती. तो जमिनीवर आडवा पडून राहायचा, म्हणजे तीच कधीतरी जवळ येईल म्हणून. तिसऱ्या दिवशी तिने त्याचं नाक धरलं. भाचेसुनेने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा मोकळा वाटला.

मी भेटायला गेले तेव्हा आम्ही अंगणात बसलो होतो. दादाही होता. मीच विषय काढला.

"तुला माझ्या फोटोचं कळलं होतं का रे?"

"हो. एकाने मोबाइलवर आणला होता खालून. सगळ्यांनी बघितला."

"काय म्हणाले?"

"एक जण लय चिडला. माझं आणि त्याचं चार दिवस बोलणं नव्हतं. एका पंजाबी पोराने विचारलं, तुझ्या गावात असे किती आहेत? मी म्हटलं, माहीत नाही, आत्या आहे एक."

"तुला काय वाटलं?"

"पहिल्यांदा राग आला. मग फोटोत तुझ्या पायातल्या चपला दिसल्या, त्या घरातल्याच होत्या. म्हटलं, आत्या घाईत निघालेली दिसते." तो हसला नाही, पण आवाज सौम्य होता.

"माणसं वाढल्यावर झोप मिळाली का तुला?" मी दादाकडे न बघता विचारलं.

"आठ-दहा दिवस मिळाली. मग समोर त्यांचे तंबू वाढले. ते वाढले म्हणून आमचा पहारा वाढला. परत तेच." तो मुलीच्या हातातली काडी काढून घेत म्हणाला, "सकाळी ते पाणी भरायला उतरायचे, तेव्हा आम्ही पण उतरायचो. एवढे जवळ की खोकला ऐकू यायचा. दोन्हीकडे सारखाच खोकला."

दादा उठला आणि पंप बघून येतो म्हणाला. पंप तेव्हा चालू नव्हता. भाच्यालाही ते माहीत होतं, पण त्याने वडिलांना अडवलं नाही.

सुट्टी संपवून भाचा परत गेला. या वेळी पूर्ण सुट्टी मिळाली. वरची फौज काही ठिकाणी अजून तशीच आहे, असं तो सांगतो. जिथे एकदा माणसं नेली तिथून ती लवकर खाली येत नाहीत. सरांना आता चालवत नाही. ते घरीच असतात, रविवारी दहा वाजून गेले की फोन करून विचारतात, किती जण होतात. मी खरा आकडा सांगते. गेल्या रविवारी आम्ही पाच होतो.

शेजारची मैत्रीण एका सकाळी खाली आली आणि माझ्याबरोबर चालायला लागली. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. तिला अजूनही पटत नसणार. चालताना ती तिच्या गुडघ्यांबद्दल बोलते, मी ऐकते. रविवारी मात्र आम्ही फिरायला जात नाही, हे आम्ही कधी ठरवलं नाही, आपोआप तसं झालं. शनिवारी परतताना ती जिन्यात म्हणते, "मग आता सोमवारी." मी हो म्हणते आणि आम्ही आपापल्या दारात शिरतो.